दहा चाळीसची पोच

ऑफिसात तिला सगळे पोचबाई म्हणायचे. तोंडावर नव्हे, तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. पण तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. कुणी काही दिलं, सांगितलं, पाठवलं की हिचा पहिला प्रश्न ठरलेला, "पोच कुठाय?" शिपायाने टेबलावर फाइल ठेवली तरी पोच. कँटीनवाल्याने चहा ठेवला, तर ही स्क्रीनवरून मान न हलवता "मिळाला" म्हणणार, आणि तोही बिचारा ते ऐकल्याशिवाय हलायचा नाही. एकदा साहेब जाता जाता "उद्या जरा लवकर या" म्हणाले, तर ही त्यांच्या मागे जिन्यापर्यंत गेली आणि म्हणाली, "ऐकलं हं मी." साहेब दचकलेच.

माल वाहणाऱ्या जहाजांची कंपनी होती. चौदा जहाजं. पण तिसऱ्या मजल्यावरच्या तिच्या खिडकीतून समुद्र काही दिसायचा नाही; दिसायची ती एका गोदामाची मागची भिंत आणि तिच्यावर वाळत घातलेली ताडपत्री. जहाजांवरच्या माणसांचे घरी जाणारे आणि घरून त्यांना येणारे निरोप सांभाळणं हे तिचं काम. चोवीस वर्षं ती त्याच खुर्चीत होती. खुर्ची दोनदा बदलली, बाई नाही.

ती आली तेव्हा फार गचाळ कारभार होता. घरच्यांनी लिहिलेला निरोप सरळ जहाजाकडे फेकायचा. त्या क्षणी जहाजाला सॅटेलाइट लागलेला असला तर लागला, नाहीतर निरोप गेला वाऱ्यावर. कुणाला मुलगी झाली, कुणाचा बाप पडला, सगळं हवेत. आणि फेकणाऱ्याला पत्ताच नाही की समोर झेलायला कुणी होतं की नव्हतं. बाईने हे वर्ष-दोन वर्षं पाहिलं, डोकं धरलं, पुस्तकं वाचली, साहेबांशी भांडली, आणि मधे एक रांग उभी केली. प्रत्येक जहाजाची वेगळी रांग.

रांगेचं काम साधं. घरच्यांनी निरोप लिहायचा, रांगेत ठेवायचा आणि आपल्या कामाला लागायचं. जहाज कुठे आहे, जागं आहे की झोपलंय, ही काळजी त्यांनी करायची नाही. जहाजाला सवड होईल, आकाश लाभेल, म्हणजे सॅटेलाइट लागेल, तेव्हा ते येणार आणि आपल्या रांगेतला पहिला निरोप उचलणार, मग दुसरा. आधी आला तो आधी जाणार. मग तो कप्तानाच्या बायकोचा असो नाहीतर भांडी घासणाऱ्याच्या आईचा. देणाऱ्याने आणि घेणाऱ्याने एकाच वेळी समोरासमोर उभं राहायला हवं, ही कटकटच संपली. आणि मुख्य गोष्ट, जहाजाने उचलला म्हणून निरोप लगेच रांगेतून पुसायचा नाही. तिकडून 'पोचला' असं उलट कळलं की मगच पुसायचा. पोच आली नाही तर समजायचं, वाटेत काहीतरी घोळ झाला. तोच निरोप पुन्हा द्यायचा. असं पाचदा. पाचदा देऊनही पोच नाही, तर त्याला बाजूच्या रांगेत काढून ठेवायचं, आणि तिथे मग माणसाने लक्ष घालायचं. ते माणूस म्हणजे ही.

निरोपात काय लिहिलंय ते तिला दिसत नसे. पाकिटावरचं तेवढं दिसे: कुणाकडून, कुणाला, किती वाजता. तेवढ्यावरही पुष्कळ कळतं हो. ज्याचे रोज तीन निरोप यायचे त्याचा एकही येईना, की समजावं रुसवा आहे. दोन दिवसांनी एकदम सात आले, की समजावं रुसवा गेला. बाई गालातल्या गालात हसायची आणि पुढच्या जहाजाकडे वळायची.

पण सकाळी आल्या आल्या, खांद्यावरची पिशवी खाली ठेवायच्याही आधी, ती एकाच जहाजाची ओळ बघायची. नववी ओळ. शेवटची पोच किती वाजता आली, एवढंच. पोच आली म्हणजे जहाज चालू. जहाज चालू म्हणजे त्यावरची वीज चालू. आणि वीज चालू म्हणजे ती चालू ठेवणारा तिचा धाकटा भाऊ धडधाकट आहे. मग ती पिशवी ठेवायची, खुर्ची ओढायची आणि कामाला लागायची. सहा वर्षं असंच चाललं होतं. सहा वर्षं भाऊ तिच्याशी एक अक्षर बोलला नव्हता, आणि तीही त्याच्याशी.

अकरा वर्षांनी धाकटा. बाप लवकर गेला, आई शिवणकाम करायची, म्हणून याच्या बुटाच्या नाड्या बांधण्यापासून शाळेच्या प्रगतिपुस्तकावर सही करण्यापर्यंत सगळं हिनेच केलं. मास्तरांनी एकदा विचारलं, "ही सही कुणाची?" तर हा म्हणाला, "आमच्या वडलांची. म्हणजे ताईची." घरात त्यावर कितीतरी वर्षं हसत होते सगळे. मोठा झाला, विजेचं काम शिकला, आणि हिनेच त्याला कंपनीत चिकटवला. जहाजावर इलेक्ट्रिशियन. तो समुद्रावर, आई घरात, आणि ही मधे. बाईने लग्न केलं नाही. का नाही, ते विचारायला आलेल्यांना ती अशी काही बघायची की लोक दुसऱ्याच विषयावर बोलून परत जायचे.

या सहा वर्षांत त्याच्या जहाजावरून बरेच निरोप निघाले, पण बहिणीच्या नावावर एकही नाही. एका जुन्या दोस्ताला तो महिन्यातून एकदा लिहायचा. मध्यंतरी एकदा चष्म्याच्या दुकानाला लिहिलं होतं. ते नाव बघितलं तेव्हा बाई थांबली. "लागली का रे तुला चाळिशी?" असं स्क्रीनकडे बघून म्हणालीसुद्धा. शेजारच्या टेबलावरच्या नव्या इंजिनिअर मुलीने मान वर केली, तशी बाई खोकल्यासारखं करून गप्प बसली. आपल्या भावाला चष्मा लागला हे आपल्याला पाकिटावरून कळावं, याचं तिला इतकं वाईट वाटलं की त्या दिवशी तिने डबा तसाच घरी नेला.

आता सहा वर्षांपूर्वी काय झालं होतं, ते सांगायला हवं.

आई अंथरुणाला खिळली होती. बाहेरच्या खोलीत तिची खाट टाकलेली. त्या आठवड्यात डॉक्टर म्हणाले, चार दिवस, फार तर पाच. धाकटा तेव्हा दुसऱ्याच, सगळ्यात जुन्या जहाजावर होता. बाईने सकाळी ऑफिसात येऊन निरोप रांगेत ठेवला: आई अगदी शेवटाला आलीय, तुझं नाव घेतेय, असशील तिथून फोन कर आणि निघ. दहा चाळीसला पोच आली. तिने घड्याळात बघून सुस्कारा टाकला, रजा लिहून दिली आणि घरी जाऊन आईला सांगितलं की त्याला कळलंय. कप्तानाला फोन करता आला असता. पण कशाला? पोच आली होती.

फोन काही वाजला नाही. पहिल्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी आई गेली. बाईने भावाला दुसरा निरोप पाठवला नाही. ज्याला आई जातेय हे कळून एक फोन करवला नाही, त्याला ती गेली हे तरी कशाला कळवा? वाईट विचार होता, पण त्या दिवशी तिच्या अंगात नुसता राग होता आणि रागाला तो पटला.

अठरा दिवसांनी धाकट्याचा फोन आला, कुठल्याशा बंदरावरून. "ताई, आईला दे गं फोन. तिच्यासाठी मऊ चपला घेतल्यात, माप विचारायचंय." आवाज हसरा होता. त्या हसऱ्या आवाजावरूनच खरं तर तिला कळायला हवं होतं. पण नाही कळलं. ती म्हणाली, "आई गेली. अठरा दिवस झाले. आता सवड झाली होय तुला?" आणि फोन ठेवला.

दोन महिन्यांनी तो घरी आला. बॅग खांद्यावरच होती. उंबऱ्यात उभा राहून म्हणाला, "ताई, तू मला कळवलं का नाहीस?"

"कळवलं नाही?" बाई आत गेली आणि कागद घेऊन आली. तिने तो छापून ठेवला होता. याच दिवसासाठी ठेवला होता. "हे बघ. तुझं नाव. तुझं जहाज. दहा चाळीस, पोच."

"मला काही मिळालं नाही."

"पोच आहे."

"ताई, मी सांगतोय ना, मला नाही मिळालं!"

"सोळा वर्षं झाली ही रांग लावून. पोच आहे आणि निरोप नाही, असं एकदासुद्धा झालेलं नाही. खोटं बोलू नकोस. आईच्या बाबतीत तरी नको."

 धाकट्याने कागदाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "म्हणजे तुझं यंत्र खरं आणि मी खोटा," एवढं म्हणाला, वळला आणि जिना उतरला. पाणीसुद्धा प्यायला नाही. पुढे त्याने जहाज बदलून घेतलं, सुट्टीला दोस्ताकडे जायला लागला, आणि घरातली त्याची खोली बाई दर रविवारी झाडत राहिली.

अशी सहा वर्षं गेली. आणि एक दिवस त्या जुन्या जहाजावरच्या आचाऱ्याची बायको ऑफिसात आली. आली म्हणजे काय, थडकली.

"आम्ही घर बदललं," ती म्हणाली, "आणि यांना मी कळवलं होतं. तुमच्याच त्या रांगेतून. पत्ता, मजला, खालचं दुकान, सगळं. आणि हा माणूस सुट्टीवर आला तो सरळ जुन्या घरी! अर्धा तास दार बडवत होता. आतून कोण परका माणूस तोंडाला साबण लावलेला बाहेर आला. मारामारी व्हायची राहिली!"

पलीकडच्या टेबलावर कुणीतरी फिस्सकन हसलं. बाई हसली नाही. तिने ओळ काढली, तारीख काढली, आणि शांतपणे म्हणाली, "पोच आहे."

"काय?"

"तुमच्या निरोपाची पोच आहे. मिळालाय त्यांना. विसरले असतील."

"अहो, घर विसरतं का कुणी?" आचाऱ्याच्या बायकोने टेबलावर हात आपटला. "आणि तुमची पोच काय डोंबल करायचीय मला? पोच आहे तर तिलाच घेऊन जा तुमच्या घरी! माझा नवरा वीस वर्षांत माझ्याशी कधी खोटं बोललेला नाही. तो म्हणतो नाही मिळालं, म्हणजे नाही मिळालं. संपलं."

ती गेली, आणि बाई बसून राहिली. त्या बाईचा आवाज तिच्या डोक्यातून जाईना. तो म्हणतो नाही मिळालं, म्हणजे नाही मिळालं. इतकं सोपं असतं होय?

जुनं जहाज तेव्हा दुरुस्तीला गोदीत लागलेलं होतं. नवी इंजिनिअर मुलगी जाऊन त्याच्या कॉम्प्युटरमधल्या नोंदी उतरवून घेऊन आली. दुपारी दोघी बघायला बसल्या. आचाऱ्याचा निरोप तीन बाराला जहाजावर आला होता. तीन बारालाच पोच निघाली होती. तीन तेराला जहाजावरची वीज गेली. पावणेचारला आली. आणि त्यानंतर त्या निरोपाचं नावनिशाण नाही.

"मॅडम," मुलगी म्हणाली, "हे उलटं आहे. हे जहाज निरोप हातात आल्या आल्या पोच देतंय, आणि मग तो माणसाच्या खात्यात टाकायला जातंय. मधे वीज गेली तर निरोप तिथेही नाही, आणि पोच मिळाली म्हणून आपण इकडूनही पुसलेला. बाकीची तेरा जहाजं बरोबर आहेत. हे एकट्यालाच असं कुणी लावलं?"

"मी," बाई म्हणाली.

आणि तिला सगळं लख्ख आठवलं. दहा वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या जहाजावरचं यंत्र फार मंद होतं. निरोप माणसाला देऊन मग पोच पाठवेपर्यंत इकडे थांबायची मुदत संपायची, मग रांग तोच निरोप पुन्हा द्यायची. एका खलाशाला 'बाळाला दात आला' हा निरोप तीनदा मिळाला, आणि गडी तीन दात आले म्हणून जहाजभर सांगत सुटला. ऑफिसात महिनाभर हसाहशी. हिला ते फार लागलं. आपल्या रांगेची थट्टा! तिने काय केलं, त्या एका जहाजावर पोच आधी द्यायची सोय लावून टाकली. दुहेरी निरोप बंद झाले. खरं म्हणजे प्रत्येक निरोपाला क्रमांक देऊन, आलेला पुन्हा आला तर ओळखता यावा, अशी व्यवस्था करायला हवी होती. पुढे बाकीच्या जहाजांवर केलीसुद्धा. याला मात्र नवं यंत्र आल्यावर करू म्हणाली. तात्पुरतं लावलं होतं. नवं यंत्र आलं नाही आणि तात्पुरतं तसंच राहिलं.

हे ती मुलीला सांगत होती, आणि सांगता सांगता एकदम थांबली. 

"मॅडम? काय झालं?"

"सहा वर्षांपूर्वीच्या नोंदी आहेत का गं आपल्याकडे? याच जहाजाच्या?"

होत्या. प्रत्येक गोदीच्या वेळी एक प्रत कपाटात ठेवायची, हा नियमही हिचाच. मुलीने महिना शोधला, तारीख शोधली. दहा चाळीस, निरोप आला. दहा चाळीस, पोच दिली. दहा एक्केचाळीस, वीज बंद. अकरा पंचवीस, वीज सुरू. पुढे काही नाही.

बाई उठली, खाली रेकॉर्डच्या खोलीत गेली आणि त्या वर्षीच्या इंजिनघराच्या वह्या स्वतः उपसल्या. धूळ, शिंका, कोळ्यांची जाळी. तिसऱ्या वहीत ते पान मिळालं. '१०.४१ जनरेटर बंद. तेलाची नळी फुटली. अंधारात काम. ११.२५ चालू केला.' खाली सही. ते वळण तिने लहानपणी गिरवून घेतलं होतं, तिला सही वाचायची गरजच नव्हती. आईचा निरोप ज्या काळोखात बुडाला, त्याच काळोखात तिचा भाऊ टॉर्च दातात धरून जनरेटर दुरुस्त करत होता. आणि तिने त्याला खोटारडा म्हटलं. कागद दाखवून म्हटलं.

ती तिथेच एका खोक्यावर बसली आणि रडली. चांगली हमसून रडली. छप्पन्न वर्षांची बाई, मांडीवर वही, चष्मा कपाळावर. मुलगी मागोमाग आली होती. ती दारात उभी राहिली आणि काही न विचारता परत वर गेली. पोरीला समज होती.

वर आल्यावर बाईने आधी त्या जुन्या जहाजाचं काम केलं. आधी माणसाला निरोप, मग पोच. मुलीने क्रमांकांचं काम अंगावर घेतलं. आचाऱ्याच्या बायकोला फोन लावून बाई म्हणाली, "तुमचे यजमान खरं बोलत होते. चूक माझी." तिकडून आवाज आला, "ते मला माहितीच होतं." आणि मग बाई भावाला लिहायला बसली.

पहिल्या मसुद्यात तिने सगळं समजावलं: मंद यंत्र, दुहेरी निरोप, दहा चाळीस, दहा एक्केचाळीस. वाचून बघितलं आणि स्वतःवरच चिडली. सहा वर्षांनी बहिणीचं पत्र आलं आणि त्यात रिपोर्ट! ते सगळं पुसलं. शेवटी एवढंच ठेवलं:

'धाकट्या, आईचा निरोप तुला मिळालाच नव्हता. तू खरं सांगत होतास आणि मी कागद दाखवला. चूक यंत्राची नाही, माझी होती. मीच ते तसं लावून ठेवलं होतं. तुला मी खोटं पाडलं, त्याचं आता काय करू ते तूच सांग. ताई.'

सोमवारी सकाळी तिने तो रांगेत ठेवला. भावाचं आताचं जहाज नवं होतं. तिथे माणसाने आपल्या हाताने निरोप उघडला तरच पोच निघायची. जहाजाला आकाश लाभायचं ते रोज बारा ते दोन. बाराला रांगेतून निरोप उचलला गेला. ओळीवर आलं: उचलला, पोच नाही. दोन वाजले. निरोप परत रांगेत आला.

कामात असेल, ती म्हणाली.

मंगळवारी दुसऱ्यांदा गेला. उचलला, पोच नाही. पण त्याच दिवशी चष्म्याच्या दुकानाचाही त्याला एक निरोप होता, आणि त्याची पोच दहा मिनिटांत आली. म्हणजे तो खात्यात आला होता. बहिणीचं नाव त्याने बघितलं होतं आणि चष्मेवाल्याचं पाकीट उघडून हिचं तसंच ठेवलं होतं.  त्याला वाटत असेल, आणखी एखादा कागद दाखवायला आली असेल.

बुधवारी तिसऱ्यांदा. नाही. घरी जाऊन तिने त्याच्या खोलीतला पंखा पुसला, रविवार नसताना. एवढं जवळ तो सहा वर्षांत कधी आला नव्हता. एका बोटाच्या अंतरावर तिचं म्हणणं त्याच्यासमोर पडलेलं होतं आणि तो ते बोट लावत नव्हता. यापेक्षा तो कुठे आहे हेच माहीत नसतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. आणि लगेच वाटलं, नाही, नाही, तसं नको.

गुरुवारी चौथ्यांदा परत आला तेव्हा नव्या मुलीला राहवलं नाही. "मॅडम, ही पाचाची मर्यादा वाढवू का? तुमच्या एका निरोपापुरती. एका आकड्याचं तर काम आहे."

"नको."

"कोण विचारणार आहे?"

"एकदा सोयीसाठी नियम वाकवला होता बाई मी. त्यात सहा वर्षं गेली."

"मग कप्तानाला फोन लावू या. ते त्यांना बोलावून सांगतील."

"माणसाला धरून उभं करून माफी मागतात का गं?" बाई म्हणाली. "त्याला नको असेल तर नको. त्याचाही हक्क आहे." एवढं ठसक्यात बोलली खरी, पण मग दिवसभर तिला एकही आकडा धड दिसला नाही.

शुक्रवार. पाचवी वेळ. आज पोच आली नाही तर दोन वाजता निरोप बाजूच्या रांगेत पडणार आणि तो काढायला परत हिलाच जावं लागणार. बाराला उचलला गेला. बाईने खुर्ची स्क्रीनसमोर ओढली आणि हात मांडीत घेऊन बसली. साडेबारा झाले. कँटीनवाला चहा ठेवून गेला, तिने 'मिळाला' म्हटलं नाही; तो दोन मिनिटं उभा राहून आपला आपणच गेला. पाऊण वाजला.

बारा अठ्ठेचाळीसला पोच आली.

बाईने डोळे मिटून घेतले. त्याने उघडलं. पुढे रागावला तरी चालेल, शिव्या दिल्या तरी चालेल, पण उघडलं. मुलगी पलीकडून बघत होती, तिने नुसती मान हलवली. मग एक वाजला. एक वाजून पाच मिनिटांनी बाईच्या नावावर, सहा वर्षांत पहिल्यांदा, नवव्या ओळीवरून निरोप आला. तिने तो उघडला. चारच शब्द होते.

'आई शेवटी काय म्हणाली?'

 हा प्रश्न तिला सहा वर्षांत कुणी विचारला नव्हता. खोटं लिहिता आलं असतं. झोपेतच गेली रे, काही बोलली नाही, असं लिहिलं असतं तर कुणाला कळणार होतं? त्याचं दुःख कमी झालं असतं, आणि हिचंही. बोटं तशी वळलीसुद्धा. पण ज्याला एकदा खोटा म्हटलं त्याच्याशी आता आपणच खोटं बोलायचं, हे तिच्याच्याने होईना. घड्याळात एक वीस झाले होते. तिने लिहिलं:

'मी घरी येऊन तिला सांगितलं की तुला निरोप पोचलाय. ती हसली. म्हणाली, मग निघालाच असेल तो. आणि कूस बदलून तोंड दाराकडे केलं. त्यानंतर तिने एकदाही विचारलं नाही की तू का आला नाहीस. मी विचारत होते, ती नाही. जाईपर्यंत दाराकडेच बघत होती.'

तिने ते पाठवलं. पोच दोन मिनिटांत आली. आणि मग काही नाही. दीड वाजला, पावणेदोन झाले. ऑफिसात जेवणं आटोपली, खुर्च्या सरकल्या, कुणीतरी खिडकी लावली. बाई जागची हलली नाही. आपण हे काय केलं, असं तिला वाटायला लागलं. समुद्राच्या मध्यावर, एकट्याला, हे असं का लिहिलं?

दोनला तीन मिनिटं असताना उत्तर आलं.

'मी निघालो नव्हतो गं ताई. मला माहीतच नव्हतं.'

बाईने ते वाचलं. पुन्हा वाचलं. चष्मा पुसला, पण धूसर होतं ते चष्म्यामुळे नव्हतं. आकाश जायला दोन मिनिटं उरली होती. तिने घाईघाईने, एका बोटाने लिहिलं, 'माहितेय रे. आता ये,' आणि पाठवून दिलं.